मुंबईचा सामना आणि देवासचा नाका

मुंबईहून आल्यापासून जो भेटतो तो हेच विचारतो. "अण्णा, यंदा सामना बघायला जायचं म्हणतोय. उतरायचं कुठे? खायचं काय? मैदानात बसायला जागा मिळते का?" धारहून दोन पत्रं आली. बदनावरच्या एका मास्तरांनी तर प्रश्नांची यादीच धाडली. आजवर मी तोंड चुकवत आलो. आता एकदाच सगळं लिहून टाकतो, म्हणजे रस्त्यात अडवून विचारणं तरी थांबेल. मात्र वाचायचं तर शेवटपर्यंत वाचा. अर्ध्यातच वळकटी बांधायला उठाल, तर माझ्याइतकेच मूर्ख ठराल.

ज्यांनी आमचं देवास पाहिलेलं नाही त्यांना आधी गावाची तऱ्हा सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही उमगायचं नाही. गाव एक, राज्यं दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन दफ्तरं, दोन चौक्या आणि मधून एक रस्ता. लहानपणी कुणाच्या बागेतले पेरू चोरले आणि शिपाई मागे लागला, की आम्ही धूम ठोकायचो ती रस्त्यापलीकडे. तिथे उभं राहून त्याला वेडावून दाखवायचं. तोही बिचारा हसायचा आणि परत फिरायचा. मोठेपणीही ही खोड जात नाही. इकडे कुणी विचारलं तर "आमचं तिकडे आहे" म्हणायचं, तिकडे विचारलं तर "आमचं इकडे झालंय." देवासच्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

मी थोरल्या पातीच्या दफ्तरात कारकून. माझी धाकटी बहीण सुभद्रा, आमची सुभी, दिली ती धाकट्या पातीतल्या मास्तरांना. माहेरच्या ओसरीवरून हाक मारली तर सासरी ऐकू जाईल एवढंच अंतर, पण सुभी ऐटीत सांगायची, "मला परराज्यात दिलीय!" हे मास्तर म्हणजे बापूराव. माणूस सालस, शब्दानं कुणाला दुखावणार नाही. वेड एकच, चेंडूफळीचं, साहेब जिला क्रिकेट म्हणतो तिचं. टेकडीखालच्या माळावर दोन्ही पातींचे सामने होतात, त्यांत धोतराचा काचा मारून बापूराव असा चेंडू टाकायचे की भल्याभल्यांची भंबेरी उडे. चेंडू रस्ता ओलांडून पलीकडच्या राज्यात गेला की चार धावा, हा आमचा खास नियम. का, तर परराज्यात चेंडू आणायला जाणार कोण!

तर माघात वर्तमानपत्रात आलं की मुंबईच्या मैदानावर आपल्या हिंदू लोकांचा संघ गोऱ्यांशी तीन दिवस खेळणार. बापूराव आठ दिवस भानावर नव्हते. पोरांना गणित शिकवता शिकवता फळ्यावर मैदानाचा नकाशा काढायचे म्हणे. शेवटी मीच म्हटलं, "चला बापूराव, जाऊन येऊ." मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, चालू आहे हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण तो तिकडे दर थंडीत असतोच, आणि आपण तीन दिवसांचे पाहुणे, आपल्याला काय होतंय, असा आमचा शहाणपणा.

सुभीनं दशम्या, तिखटामिठाच्या पुऱ्या आणि डबाभर शेव बांधून दिली. दोघांत मिळून एकच वळकटी केली, आणि तिच्यात तिनं स्वतः शिवलेली गोधडी घातली. तिच्या लग्नातल्या शालूच्या तुकड्यांची होती ती, जांभळी आणि हिरवी. मग माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "अण्णा, तू बरोबर आहेस म्हणून सोडतेय. जसे नेतोयस तसे आणून दे."

"अगं, काचेचं भांडं आहेत का ते?"

"मस्करी नको. आणि शिवरात्रीच्या आत. बिलावलीच्या महादेवाचा अभिषेक यांच्या हातचा असतो. त्याला खाडा नको."

मी कबूल केलं. मग तिनं गुलाबपाण्याची एक रिकामी बाटली माझ्या हातात ठेवली. "हिच्यात समुद्राचं पाणी भरून आण. सगळंच्या सगळं पाणी खारट असतं, हे काही मला खरं वाटत नाही. धरमपुरीला मी नर्मदेत नाहले आहे. केवढं गोड पाणी! ते सगळं तिकडेच जातं ना? मग खारट राहीलच कसं?" बापूराव तिला शाळेतल्या पोरीसारखं समजावायला लागले, तशी म्हणाली, "तुमचं भूगोलाचं राहू द्या. मी चाखून बघेन."

गिरगाव

इंदूरपर्यंत टांगा. टांगेवाला वाटेत म्हणाला, "भिया, बंबई जई रिया हो? वां तो मनख मरी रिया हे." मी त्याला म्हटलं, माणसं मरतायत ती तिकडची, तू घोडा हाक. पुढे खांडव्याला गाडी बदलली, आणि एक रात्र बसून काढली की मुंबई. त्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही.

उतरायचं म्हणाल तर शक्यतो आपल्या माणसाकडे उतरा, पण उतरण्याआधी त्याला दोन प्रश्न विचारा. आम्ही उतरलो माझ्या आतेभावाकडे. नारायण मूळचा धारचा, तिकडे एका पेढीवर लिहिण्याचं काम करतो, गिरगावात चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. दारात उभा राहून त्यानं हसून स्वागत केलं. घरात मात्र चूल थंड, पाळणा रिकामा.

"वहिनी कुठे?" मी विचारलं.

"धारला पाठवलीय. मुलांनापण. हवापालटाला."

माघात हवापालट! धारच्या थंडीत! विचारायला हवा होता तो पहिला प्रश्न हा. मी विचारला नाही. दुसरा प्रश्न जिन्यातच विचारायला हवा होता. वर येताना तीन दारांवर तांबडे गोल काढलेले दिसले होते, आणि दोन गोलांत फुली. बापूरावांनी विचारलं तेव्हा नारायण म्हणाला, "सरकारी खुणा आहेत. जुन्या आहेत." ताप निघालेल्या घरांवरची खूण ती, आणि रंग जुना दिसत नव्हता. पण आम्ही सामन्याला आलो होतो ना! डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं की सगळं जुनंच दिसतं.

खाण्याचं सांगतो. मालव्यातल्या माणसाचे तिथे हाल. खानावळीत भाताचा डोंगर वाढतात आणि पोळी मागितली की तोंडाकडे बघतात. आमटीत आमसूल इतकं की दात आंबतात. दूध पांढरं असतं एवढंच. बापूराव दोन दिवस दशम्यांवर राहिले आणि मला म्हणाले, "अण्णा, आपल्याकडे गायीला नुसतं पाणी पाजलं तरी यापेक्षा बरं दूध देईल." नळाचं पाणी ठरल्या वेळी येतं आणि ठरल्या वेळी जातं, तेव्हा सकाळी सगळ्यांच्या आधी उठा. बरोबर शेव न्या, पुष्कळ न्या. आमच्या डब्यातली निम्मी शेव त्या चाळीतल्या लोकांनीच संपवली.

वळकटी आम्ही जिन्याजवळच्या गॅलरीत पसरायचो, कारण खोलीत वारा नव्हता. पहिल्या सकाळी मी पाणी भरायला उठलो. जिन्याच्या वरच्या पायरीवर, आमच्या अंथरुणापासून चार हातांवर, उंदीर मरून पडला होता. मोठी घूस नव्हे, साधा काळा उंदीर. अंगावर जखम नाही, काही नाही. घरात उंदीर पडला की घर सोडायचं, हे आता आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. मी मागे वळून पाहिलं. बापूराव गोधडीत गुरफटून झोपले होते, आणि उशाशी लिंबू होतं. चेंडू कसा धरायचा याचा सराव करता करता तसेच झोपले होते.

त्यांना सांगितलं असतं तर ते लगेच म्हणाले असते, "अण्णा, चला, निघू इथून." तसा माणूस होता तो. मग सामना राहिला असता, आणि गावात मला वर्षभर ऐकावं लागलं असतं की मुंबईपर्यंत जाऊन उंदराला भिऊन आले. मी आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तो उंदीर गुंडाळला आणि मागच्या गटारात टाकला. हात चोळून धुतले. कुणाला बोललो नाही.

मैदान

मैदानात जागा मिळते. सकाळी दव वाळायच्या आत पोचलात तर दोराच्या अगदी जवळ मिळते. पलीकडे साहेबांचे तंबू, खुर्च्या, बँड. अलीकडे आपण, जमिनीवर. सतरंजी न्या. छत्री नेऊ नका, मागचे लोक मोडून हातात देतील. झाडाखाली बसू नका, कारण झाडावरही माणसं बसलेली असतात आणि ती पान खातात.

आणि पगडी. आमच्या मालव्यातल्या पगड्या घालून आम्ही थाटात बसलो, तशी मागून ओरड सुरू झाली, "ओ पगडीवाले! खाली घ्या ती घुमटी!" आमच्याकडे चारचौघांत बोडक्यानं बसणं म्हणजे घरात कुणीतरी गेल्याची खूण. बापूराव काही केल्या ऐकेनात. ते पोटावर आडवे झाले आणि हनुवटीखाली हात घेऊन सामना बघायला लागले, पण पगडी उतरवली नाही. मी उतरवली. म्हटलं, इथे आपल्याला कोण ओळखतंय.

शेजारी गिरणीतला एक हिशेबनीस बसला होता. गप्पिष्ट माणूस. "पाव्हणे कुठले?" त्यानं विचारलं.

"देवासचे."

"कुठल्या राज्यात येतं ते?"

"दोन राज्यांत," बापूराव म्हणाले.

तो पोट धरून हसला. मग त्यानं आम्हांला चणे दिले, आम्ही त्याला शेव दिली. दुपारी जेवणासाठी खेळ थांबला तेव्हा तोच सहज सांगितल्यासारखा म्हणाला, "काल आमच्या मजल्यावरची तीन माणसं गेली. म्हटलं, घरात बसून वाट बघण्यापेक्षा सामना बघू." मी हातातला चणा तोंडात टाकला नाही. बापूरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढचा तासभर त्याला चेंडू कसा वळतो ते समजावत राहिले. दुसऱ्या दिवशी तो आला. तिसऱ्या दिवशी त्याची जागा रिकामी होती. बापूराव सारखे मागे वळून बघत होते. "आला असेल हो गर्दीत," मी म्हटलं.

खेळाचं काय सांगू? आपला एक बोलर असा चेंडू टाकायचा की साहेबाची बॅट हवेत आणि मागे दांडी आडवी. बापूराव प्रत्येक चेंडूला जागच्या जागी मनगट फिरवायचे. तिसऱ्या दिवशी आपण जिंकलो. अरे, काय तो गलका! टोप्या, उपरणी, काठ्या, जे हाताला येईल ते वर उडत होतं. अनोळखी माणसं गळ्यात पडत होती. बापूराव रडले. अगदी हुंदके देऊन. मला म्हणाले, "अण्णा, तुम्ही नसता तर मी हे कधी पाहिलं नसतं." आयुष्यात मला कुणी इतकं मनापासून काही म्हटलेलं नाही.

ती गर्दी घराकडे चालली असतानाच समोरून एक तिरडी आली. लोक बाजूला झाले, टोप्या हातात घेतल्या, वाट करून दिली. ती गेली आणि पुन्हा जयजयकार सुरू झाला. चौपाटीपर्यंत पोचेतो अशा चार गेल्या.

समुद्र

चौथ्या दिवशी बाटली भरायला गेलो. समुद्राबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय, मी काही लिहीत नाही. नजर ठरत नाही एवढंच खरं. काठावरच्या स्मशानातला धूर सरळ पाण्यावर जात होता, आणि तिकडे पाठ करून लोक भेळ खात होते. बापूरावांनी धोतर वर खोचलं, गुडघाभर पाण्यात शिरले आणि एका लाटेनं त्यांना साफ आडवं केलं. पगडी वाहून चालली ती मी धावत जाऊन पकडली. दोघंही वेड्यासारखे हसलो.

बाटली भरून बूच घट्ट लावलं. मी बोट चाटायला गेलो, तर बापूरावांनी माझा हात धरला. "अंहं. आधी तिनं चाखायचं. तिचा निकाल लागल्याशिवाय आपण कुणी नाही." समुद्रात लोळून आलेला माणूस, ओठ गच्च मिटून बोलत होता. घरी जाऊन नळाखाली उभे राहिले तेव्हा कुठे तोंड उघडलं.

नाका

आता नीट वाचा.

मुंबईहून येणाऱ्या माणसानं देवासात शिरण्याआधी नाक्यावर उतरायचं, नाव सांगायचं, आणि गावाबाहेरच्या झोपड्यांत दहा दिवस राहायचं, असा नियम होता. दोन्ही पातींचा नियम एकच. इंदूरच्या रस्त्यावर आमच्या थोरल्या पातीचा नाका. तिथे एक मोठा तांब्याचा हंडा चुलाणावर सदा रटरटत असतो. प्रवाशाचे कपडे, अंथरूण, सगळं त्यात उकळून काढतात. आम्ही पोचलो तेव्हा शिवरात्रीला दोन दिवस होते.

टांगा नाक्याच्या अलीकडे असतानाच माझ्या डोक्यात देवासची अक्कल चालायला लागली. मी सरकारी नोकर, जमादार मला ओळखतो, माझी काही सुटका नाही. पण बापूराव धाकट्या पातीचे. मी म्हटलं, "बापूराव, तुम्ही सरळ घरी जा. मी सांगतो जमादाराला, यांची नोंद तिकडच्या नाक्यावर आहे. तिकडे कुणी विचारलं तर सांगा, इकडे झाली."

"अण्णा, राहतो की दहा दिवस. काय बिघडतं?"

"आणि अभिषेक? मी सुभीला शब्द दिलाय."

त्यांनी पगडी सारखी केली. मग म्हणाले, "ती समजून घेईल."

"तुम्ही राहा समजावत! अहो, तुम्हांला ना ताप, ना खोकला. बैलासारखे धडधाकट आहात. खामोखा झोपडीत कशाला कुजायचं?"

जमादार वही घेऊन पुढे आला. "रावसाहेब, या. आणि हे पावणे?"

"हे धाकट्या पातीचे मास्तर. त्यांचं तिकडे."

एवढंच बोललो. त्यानं मान डोलावली आणि लिहायला घेतलं ते माझं एकट्याचं नाव. लहानपणापासून हजारदा बोललेलं वाक्य, जिभेला सवय होती. बापूराव ट्रंक उचलून निघाले, तेव्हा मी त्यांना हाक मारली. "ती वळकटीपण घेऊन जा. इथे हंड्यात घालतील. सुभीच्या गोधडीचा रंग जाईल." मी स्वतःच्या हातानं ती त्यांच्या खांद्यावर दिली. बाटली मात्र माझ्याकडे ठेवली. म्हटलं, सुभीच्या हातात मीच देईन. चाखताना तिचं तोंड कसं होतं ते मला बघायचं होतं.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सुभी आली. रस्त्याच्या पलीकडे कडुलिंबाखाली उभी राहिली, अलीकडे यायची मनाई होती. प्रसादाचा डबा मधल्या दगडावर ठेवून मागे गेली आणि ओरडून म्हणाली, "अण्णा! अभिषेक झाला! बाटली आणलीस ना?"

मी बाटली उन्हात धरून हलवून दाखवली. ती लहान पोरीसारखी टाळ्या पिटायला लागली.

"खारट आहे का रे?"

"तूच ठरव! येऊन हातात देतो!"

"आणि काय रे तुमची ती वळकटी! मुंबईचा कसला घाण वास! परवा आख्खा दिवस झटकत होते, धूत होते. अंगाला नुसतं चावतंय काहीतरी."

त्या क्षणी मला जिन्यावरचा तो उंदीर दिसला. अगदी लख्ख. माझं तोंड उघडलं. जमादार दोन हातांवर उभा होता. बोललो तर माझं खोटं उघडं पडणार, बापूरावांना घरातून ओढून आणणार, त्यांच्या नोकरीवर येणार, माझ्याही. मनात म्हटलं, धुतलंय तिनं सगळं. झालं, गेलं. मी ओरडलो, "सांभाळून जा गं!" ती हात हलवत गेली. मी तिला पाहिलं ते तेवढंच.

माझ्या झोपडीतल्या पाचव्या दिवशी डबा घेऊन बापूराव आले. पलीकडून म्हणाले, "अण्णा, तिला ताप आहे. जांघेत दुखतंय म्हणते." मी तिथल्या तिथे जमादाराला सगळं सांगितलं. नोंद खोटी, वळकटी मीच न उकळता दिलेली. उंदीर तेवढा सांगितला नाही. त्यानं मला एक शिवी दिली, जी मला कमीच होती, आणि डॉक्टरला आणायला धावला. डॉक्टरांनी नंतर मला सांगितलं की हल्ली म्हणतात, मेलेल्या उंदराच्या पिसवा अंथरुणात शिरतात आणि त्या चावल्या की झालं. उकळत्या पाण्यात मेल्या असत्या. रंग गेला असता गोधडीचा.

आठव्या दिवशी सकाळी सुभी गेली. रस्त्यापलीकडून चार माणसं तिला घेऊन चालली होती, पुढे बापूराव, बोडक्यानं. मी झोपडीच्या दारात उभा होतो. जमादार माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "रावसाहेब, जायचं तर जा. मी बघत नाई." रस्ता वीस पावलांचा. लहानपणापासून तो मी किती वेळा ओलांडला असेन, त्याची गणती नाही. त्या दिवशी मी ओलांडला नाही. तिथेच मातीत बसलो आणि गुरासारखा ओरडून रडलो.

दहा दिवस पुरे झाले तेव्हा मला सोडलं. बापूराव गावाबाहेर शेतात झोपडीत होते, घर चुन्यानं धुवायला दिलं होतं. त्यांची चार वर्षांची लेक यमी त्यांच्या मांडीवर बसली होती. दोघांच्याही अंगाला ताप शिवला नव्हता. सुभीला मी शब्द दिला होता तो तंतोतंत पाळला, जसे नेले तसे आणून दिले.

मी बाटली त्यांच्यापुढे ठेवली. मग त्यांनी बूच काढलं, तळहातावर थोडं पाणी घेतलं, जिभेला लावलं.

"खारटच आहे, अण्णा," ते म्हणाले. "तिला खरं वाटत नव्हतं."

त्यांनी मला एका शब्दानंही बोल लावलेला नाही. अजून अण्णा म्हणतात, सणाला पान वाढतात. "कुणाला ठाऊक होतं, अण्णा?" असं तेच मला समजावतात. दरवेळी मी मान खाली घालतो आणि जेवून घरी येतो. माळावर ते आता खेळायला येत नाहीत.

तेव्हा मंडळी, सामना बघायला जरूर जा. शेव न्या, सतरंजी न्या, सकाळी लौकर जा. उतरण्याआधी विचारा की घरातली बायकामुलं कुठे आहेत. दारावरचा गोल नवा की जुना, ते जवळ जाऊन बघा. परत येताना नाक्यावर स्वतःहून उतरा, खरं नाव सांगा, आणि सगळं अंथरूण त्या हंड्यात घाला, मग ते कुणी का शिवलेलं असेना. दहा दिवस बसा. काही होत नाही दहा दिवसांनी.

आणि बापूराव, हे छापून आलं की तुम्ही वाचाल. चेंडूफळीचं काही आलं की तुम्ही वाचल्याशिवाय राहत नाही. "कुणाला ठाऊक होतं" म्हणता ना? मला ठाऊक होतं. पहिल्या सकाळी, तुम्ही झोपलेले असताना, जिन्यावर उंदीर पडला होता. तो मी पाहिला होता.